विमानाच्या वाटेवर सडा

माझ्या लहानपणी आमच्या गावाची सकाळ विमानाच्या आवाजाने होई. हे वाक्य लिहिले की ते माझे मलाच परके वाटते, पण निदान दोन हंगामांपुरते ते खरे आहे. जालना तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. घनसावंगीच्या अलीकडे, गोदावरीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावाभोवती नजर जाईल तिथवर कपाशी उभी असे, आणि बोंडांना अळी लागली की औषध फवारायला एक लहान पिवळे विमान येई. त्यात एकाच माणसाला बसता येई. नाकाशी पंखा, पोटात औषधाची टाकी, शेपटीखाली भाकरीएवढे चाक. त्याचा आवाज आधी माझ्या दातांत उमटे. मग मांडणीवरच्या पितळी ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत, मग पत्र्यावरून एक सावली सर्रकन निघून जाई आणि अंगणातल्या कोंबड्या दिसेल त्या आडोशाला घुसत.

त्याला उतरायला जागा गावानेच करून दिली होती. गायरानातल्या मुरमाड पट्टीवरचे दगड वेचले, बाभळीची खोडे उपटली, बैलांना दगडी रूळ जोडून ती चोपून काढली. तरी लांबी कमी पडली. तेव्हा पूर्वेच्या टोकाला लागून असलेला आमच्या शेताचा एक तुकडा तिला जोडण्यात आला. मुरूम तांबूस आणि कडक, आमचा तुकडा काळा आणि मऊ. चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा तांबड्यावरून काळ्यावर येत, तेव्हा रेघा त्याच असूनही काळ्यावर त्या अधिक पांढऱ्या दिसत. औषधाचे पिंप मुरमाच्या टोकाला ठेवलेले असत. म्हणून विमान तिकडून भरून निघे, आणि रिकामे होऊन परतताना काळ्या मातीवर टेके, तसेच धावत पिंपांपाशी जाऊन थांबे.

वडिलांना घरात आम्ही दादा म्हणत असू आणि गाव गुरुजी म्हणे. ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. विमान आपल्याही शिवारात यावे म्हणून त्यांनीच तालुक्याला आणि जालन्याला खेटे घातले होते. पट्टीची देखरेखही त्यांच्याकडेच आली. शेजारच्या गावांतली माणसे बैलगाड्या जुंपून विमान बघायला येत आणि विचारत, "गुरुजींचं विमान कवा उतरतंय?" ते ऐकले की दादा डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवत.

आईला गाव मास्तरीणबाई म्हणे. तिची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, पलीकडच्या बौद्ध वस्तीत बालवाडी चालवणारी. दोघींचे माहेर एकच, नदीकाठचे एक गाव. लहानपणी एकाच घाटावर, थोडे अंतर ठेवून, दोघींनी धुणी धुतली होती आणि सासरी आल्यावर ते अंतर आईने हळूहळू कमी करत आणले होते. मी तिला मावशी म्हणे. मावशी सातवी पास होती. तिच्या वस्तीतली तेवढी शिकलेली ती पहिली बाई. तिच्या हातांना नेहमी खडूचा वास येई, आणि ती बोलताना प्रत्येक शब्द पूर्ण करी, जणू समोर मुले बसली आहेत.

पायलट परप्रांतातला, हिंदी बोलणारा होता. जेवायला आमच्याकडे असे. आईला भाभी म्हणे, आणि ज्वारीची भाकरी कुस्करून, तिच्यावर वरण ओतून चमच्याने खाई. ते बघून मला हसू आवरत नसे. दुसऱ्या हंगामात पावसाने ओढ दिली. भाद्रपदातच उन्हाचा कडाका पडला. काळी माती आधी भेगाळली, मग रुळाखाली आणि चाकाखाली तिचे पीठ झाले. विमान टेकले की मागे धुळीचा एक भलामोठा पडदा उठे, आणि वारा पडलेला असला तर तो पडदा पुढे सरकून विमानालाच गिळून टाकी. मिनिटभर नुसता आवाज ऐकू येई, विमान दिसत नसे.

एका दुपारी जेवता जेवता पायलट म्हणाला, "गुरुजी, धूल बहुत है. उतरता हूँ तो आगे कुछ दिखता नहीं. कुछ करो."

"हो जाएगा, साब. बिलकुल हो जाएगा," दादा म्हणाले.

पायलट बाहेर लिंबाखाली बाजेवर आडवा झाला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मुगाच्या शेंगा सोलत होते. दादा आत डोकावले.

"ऐकलं का? उद्या सकाळी चार बायका घेऊन त्या टोकाला सडा घाला. शेण कालवून. धूळ बसंल बराबर."

आई चुलीतले लाकूड मागे ओढत होती. ती थांबली. "आख्ख्या तुकड्याला सडा? आन् काळी माती हाय ती."

"मंग? आपलं अंगण कोणत्या मातीचं हाय? रोज घालता न्हाई का?"

"अंगणात कोणी गाडी हाकत न्हाई."

"विमान म्हंजे काय बैलगाडी हाय? अर्धं हवेवरच असतंय ते." दादा हसले. "पाहुणा हाय आपला. पाहुण्याच्या वाटेवर धूळ असावी का? आन् बालवाडीच्या बाईला सांगा, तिच्याकडच्या बी बायका घ्या. जल्दी उरकंल."

आईने लाकूड पुन्हा आत सारले. सोललेल्या मुगाचा ओला, कोवळा वास माझ्या बोटांना येत होता, आणि दादांच्या बोलण्यात मला काहीच खटकले नाही. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटले की आधी सडाच पडे. विमान उतरते, म्हणजे तेही एक प्रकारे दारातच येते, असे मलाही वाटले.

सकाळी उजाडताच बायका जमल्या. गावातल्या होत्या आणि मावशीबरोबर वस्तीतल्याही होत्या. पाणी आमच्या विहिरीचे. त्या विहिरीवर दोन्हीकडच्या बायका एकत्र कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी कामाच्या घाईत कुणी कुणाची घागर उचलून दिली, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. आईच्या मात्र आले असावे. ती विहिरीच्या काठावर उभी राहून रहाट ओढत होती आणि तिचा चेहरा एखाद्या लग्नघरात असावा तसा उजळला होता. टोपल्यांतले शेण पाण्यात कालवले जात होते. उन्हाचा पहिला पट्टा मातीवर पडला तेव्हा सडा शिंपडल्याचा सपसप आवाज सगळीकडून येत होता. पाणी पडले की धूळ आधी त्याला आत घेत नसे. थेंबांच्या काळ्या गोळ्या होऊन वरवर घरंगळत, आणि मग एकदम माती मऊ पडे.

"मास्तरीणबाई, रांगोळी बी काढायची का?" एक जण म्हणाली.

"काढ की. तुझ्या मालकाचं नाव घेऊन काढ."

"आन् कुंकू? ववाळायचं तर कुंकू पायजे ना विमानाला."

"लावायचं कुठं पण? नाकाला तर पंखा हाय."

"पंख्यालाच लाव, आख्ख्या गावाला लागंल!"

सगळ्या खदखदून हसल्या. मावशीने खरोखरच चुन्याच्या रेघेच्या शेवटाला बोटांनी दोन पाकळ्या काढल्या, मग आपल्याच हसण्यावर हसत त्या पायाने पुसून टाकल्या.

विमान मुरमाच्या टोकाकडून पहिली टाकी भरून निघून गेले होते. ऊन चढू लागले. दादा आले. त्यांनी चपलेच्या टोकाने माती उकरून बघितली.

"वरवर झालंय नुसतं. ऊन लागलं की सुकंल. अजून घाला."

"गुरुजी, पाय रुतून राह्यलाय," मावशी म्हणाली. तिने पाऊल उचलून दाखवले. तळव्याला मातीचा एक जाड थर चिकटून आला होता.

"तुमचा रुततोय. चाकाला काय होतंय? घाला, जल्दी घाला, ते परत येईल आता."

बायकांनी आणखी घागरी रिकाम्या केल्या. आता शिंपडायलाही कुणी थांबत नव्हते. घागर कलंडायची आणि पुढे जायचे. दादा स्वतः हाताने जागा दाखवत होते, इथे, अजून इथे, तो कोपरा राहिला. मग लांबून तो आवाज आला, आणि सगळ्या जणी घागरी कमरेवर घेऊन चुन्याच्या रेघेबाहेर येऊन उभ्या राहिल्या. लग्नाच्या वरातीला जागा द्यावी तशा.

विमान खाली आले. चाके टेकली. एरवी त्या क्षणी उठणारा पडदा आज उठलाच नाही. हवा स्वच्छ होती, उतरणाऱ्या विमानाचा पिवळा रंग मी पहिल्यांदाच इतका स्पष्ट पाहत होते. दादांनी वळून माझ्याकडे बघितले. ते हसत होते. ते हसू मी अजून विसरले नाही, कारण ते अस्सल होते. एखादे गणित सुटलेल्या मुलासारखे.

मग विमानाला कुणीतरी मागून धरल्यासारखे झाले. पुढची चाके मातीत बसली आणि शेपटी, जी खाली यायला हवी होती, ती वर उचलली जाऊ लागली. सगळे फार सावकाश घडले, असे मला वाटते, किंवा माझ्या आठवणीने ते सावकाश केले आहे. पंखा जमिनीला लागला आणि काळ्या ढेकळांचा एक फवारा उडाला. शेपटी आभाळाकडे सरळ उभी राहिली, क्षणभर तशीच राहिली, आणि विमान उताणे पडले. त्याचे पोट वर आले. ते पोट मी तोपर्यंत नीट पाहिले नव्हते. तेलाने माखलेले, नळ्यानळ्यांचे. वर झालेली चाके हवेत फिरत होती आणि त्यांच्यावरून चिखल गळत होता.

इंजिन थांबल्यावर जी शांतता पसरली तिच्यात थेंब पडल्याचा आवाज येत होता. आणि वास. औषधाचा तो वास लसणासारखा असतो, पण सडलेल्या लसणासारखा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. त्यात पेट्रोल मिसळले, आणि त्याखाली, अगदी खाली, अंगणातल्या सड्याचा ओळखीचा वास. आजही कुणाच्या दारात शेणाचा सडा पडलेला असला की माझ्या घशाशी आधी लसूण येतो.

पायलट पट्ट्यांत उलटा लटकत होता. माणसे धावली. कुणीतरी विळ्याने पट्टे कापले आणि तो चिखलात खांद्यावर पडला. गळ्याजवळचे हाड मोडले होते, ओठ फाटला होता. त्याला धरून बसवले, पाणी पाजले. त्याने बसल्या जागी हाताखालची माती चाचपली, ती बोटांत घेऊन चोळली, मग सगळ्यांकडे बघितले.

"पानी किसने डाला?"

बायका रेघेबाहेर तशाच उभ्या होत्या, रिकाम्या घागरी कमरेवर. त्यामुळे उत्तर सगळ्यांना दिसतच होते. प्रश्न खरा तर वेगळा होता, आणि त्याचे उत्तर ज्याला ठाऊक होते तो माणूस पायलटच्या अगदी जवळ, त्याच्या पाठीला हात लावून बसला होता.

"औरतों ने डाला, साब," दादा म्हणाले. "अपने मन से. अनपढ हैं बेचारी."

मी म्हणाले, "दादा, पण तुम्हीच तर काल—"

मागून एक हात माझ्या तोंडावर आला. ओला, शेणाचा, घागरीच्या काठाने वळ उठलेला. आईचा. तिने मला स्वतःकडे वळवून घेतले नाही, पोटाशी धरले नाही; नुसता हात तोंडावर ठेवून ती समोर बघत राहिली. मी वर मान करून पाहिले तेव्हा ती दादांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती. हे वाक्य त्यांच्या तोंडून घाईत निघाले आहे, आता पुढचे वाक्य येईल, असे तिला वाटत होते.

पायलटला जीपमध्ये घालून जालन्याला नेले. पुढे साहेब लोक आले, पट्टी बघून गेले, शाळेच्या खोलीत खुर्च्या टाकून त्यांनी चौकशी केली. बायकांना कुणी विचारले नाही. ज्याअर्थी त्या अडाणी होत्या त्याअर्थी त्यांना विचारण्यासारखे काही नव्हते. दादांनी तेच पुन्हा सांगितले, आता नीट बसवलेल्या शब्दांत: ग्रामीण स्त्रिया, भाबडी समजूत, अतिथीविषयीचा आदर. साहेबांपैकी एक जण म्हणे हसलासुद्धा.

त्या दिवसांत एकदा मावशी आमच्या मागच्या दारी आली. आई तांदूळ निवडत होती. मावशी आत आली नाही.

"तू बोलावलंस म्हणून मी वस्तीतल्या बाया आणल्या," ती म्हणाली. "आता तू सांग, सडा कोणी घालायला लावला ते."

"ते सांगतील," आई म्हणाली. "त्यांचं त्यांनीच सांगितलं पायजे गं. मी चारचौघांत घरच्या माणसाला कसं खोटं पाडू?"

"आन् त्यांनी न्हाई सांगितलं तर?"

आईने सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि बाजूला टाकला.

"माझ्या वस्तीत मला विचारून राह्यल्यात," मावशी म्हणाली. "तू सातवी शिकलीस, तुला बी अडाण्यात धरलं का, म्हणून. मी काय सांगू?"

आई पुढचा खडा शोधत राहिली. मावशी वळली आणि गेली. त्यानंतर ती त्या दारी कधी आली नाही.

विमान पुन्हा आमच्या गावाला आले नाही. हंगामात ते दुसऱ्या शिवारांत फिरताना ऐकू येई, फार लांबून, दातांतसुद्धा न उमटणारे. गावाला कुणावर तरी राग काढायचा होता. आधी लोक 'बायकांनी' म्हणत. मग 'विहिरीवर आलेल्या बायकांनी' म्हणू लागले. दिवाळीपर्यंत तो शब्द आकसत आकसत 'त्या वस्तीतल्या बायकांनी' एवढाच उरला, आणि गावातल्या ज्या बायांनी त्या सकाळी घागरी उचलून दिल्या होत्या, त्याही तसेच बोलू लागल्या. पंचायतीने बालवाडी मावशीकडून काढून गावातल्या एका सुनेकडे दिली. मुलांना जबाबदार माणूस हवे, असे कारण सांगितले गेले. पंचायतीत गुरुजींचा शब्द चाले. आईने त्या दिवशी ताट वाढताना विचारले, "तुम्ही काही बोललात न्हाई?"

"माझ्या हातात काय हाय त्यात?" दादा म्हणाले, आणि मीठ मागितले.

पुढे माझे शिक्षण अंबडला झाले, मग जालन्याला. मी कविता वाचू लागले, लिहू लागले; कोणता शब्द ओळीत राहील आणि कोणता गळेल हे कळायला लागले. दादा निवृत्त झाले, आम्ही जालन्यात घर केले, आणि त्या घराच्या बैठकीत विमानाचा तो किस्सा वर्षानुवर्षे सांगितला गेला. जावयांना, नव्या शेजाऱ्यांना, माझ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनासुद्धा. तो दर वेळी थोडा अधिक घोटीव होत गेला. सुरुवातीला त्यात फक्त पाणी होते. मग शेण आले, मग रांगोळी. एका दिवाळीत मी ऐकले की बायका विमानाला ओवाळायला निघाल्या होत्या, कुंकवाचा करंडा घेऊन, आणि पंखा बघून त्यांना प्रश्न पडला की कुंकू लावायचे कुठे. पाहुणे डोळे पुसून हसले. मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. ते वाक्य त्या सकाळी एका बाईने दुसरीला चिडवायला म्हटले होते. ती थट्टा होती, चांगली थट्टा होती, आणि ती दादांनी उचलून बायकांच्या मूर्खपणाचा दाखला म्हणून वापरली होती. ती त्यांच्यापर्यंत पोचली कशी? आईनेच कधीतरी, संसारातल्या एखाद्या निवांत दुपारी, हसत हसत सांगितली असणार.

पाहुणे गेल्यावर मी दादांना म्हणाले, "सडा घालायला तुम्ही सांगितलं होतं. मी तिथं बसले होते."

ते पान लावत होते. नाकारतील असे वाटले होते, पण त्यांनी नाकारले नाही.

"पायलटनं कोणाला धरलं असतं? मला. नोकरी गेली असती माझी. बायकांचं काय जाणार होतं?" त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "तुझं एम्. ए. कशावर झालं असतं, सांग बरं."

तोवर मला वाटत होते की मी या गोष्टीच्या बाहेर उभी आहे आणि बघते आहे. त्यांनी एका वाक्यात मला आत ओढून घेतले, लाभार्थी म्हणून. मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर, पाठ केलेल्या प्रत्येक ओळीवर त्यांनी पट्टीवरचे ते 'औरतों ने डाला' चिकटवून टाकले. आई आत कपबश्या विसळत होती. नळ चालू होता, पण कपबशी वाजत नव्हती.

दोन हजार दहा साल उलटून गेल्यावर गावच्या शाळेने दादांचा सत्कार ठेवला. ते ऐंशीच्या घरात होते. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, नारळ, जालन्याहून आणलेला मोठा हार. पुढच्या रांगेत आई आणि मी. मागे, मांडवाच्या कनातीला टेकून, सतरंजीवर बायका बसल्या होत्या. त्यांत मावशी होती. डोक्यावर पांढरा पदर, पाठ ताठ. आईने येतानाच तिला पाहिले होते, कारण खुर्चीवर बसल्यावर ती दोनदा वळली.

सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक म्हणाला, "गुरुजी, विमानाचा किस्सा झालाच पाहिजे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी माईक जवळ ओढला आणि सांगायला सुरुवात केली. आवाज थकला होता, पण कुठे थांबायचे, कुठे भुवया उचलायच्या ते सगळे जागच्या जागी होते. धूळ झाली, सडा झाला, कुंकू झाले. "आता अडाणी बायका," ते म्हणाले, "त्यांना काय माहीत—"

आई उठली.

"सडा ह्यांनी सांगितल्ता," ती म्हणाली. "मी नको म्हणले होते. अजून घाला, अजून घाला, असं उभं राहून म्हणले हे. पाय रुतून राह्यलाय म्हणून बालवाडीच्या बाईनं दाखवलं, तरी म्हणले."

तिच्यापुढे माईक नव्हता. पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकले असेल. मागे कुजबुज झाली: काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? दादांनी क्षणभर तिच्याकडे बघितले, आणि मला वाटले, आता. इतकी वर्षे आईने ज्या वाक्याची वाट बघितली ते आता, या मांडवात, माईकवरून येईल.

"बघा," दादा माईकमध्ये म्हणाले, "घरी बी हेच ऐकतो मी!"

मांडव हसला. टाळ्यासुद्धा झाल्या. कुणीतरी म्हणाले, "मास्तरीणबाई भारी हायेत!" आई उभीच होती. ती दादांकडे बघतही नव्हती. ती मागे, कनातीकडे बघत होती. मी तिचा हात धरून तिला खाली बसवले. तो हात थंड होता आणि त्याला वजन नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर माणसे नाश्त्याकडे वळली. आई सरळ मागे गेली. मीही गेले. मावशी चपला शोधत होती. ती आता घनसावंगीला लेकीकडे असे; तिकडे जाणारी जीप शाळेच्या फाटकाशी उभी होती.

"बोलले मी," आई म्हणाली.

"ऐकलं."

"लई आधी बोलायला पायजे होतं."

मावशीने एक चप्पल पायात घातली. "आम्हाला काय ठाऊक नव्हतं का गं? घागरी आम्हीच वाहिल्या. आम्हाला खरं सांगून काय व्हणार? ज्यांना सांगायचं ते हसले."

"पण मी…"

"तवा एक शब्द बोलली असतीस तर बालवाडी राह्यली असती माझी. पोरं राह्यली असती." तिने दुसरी चप्पल घातली आणि पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे पाहिले. "गुरुजी काय, त्यांना स्वतःला वाचवायचं व्हतं. मी त्यांची वाट कधीच बघितली न्हाई. मी तुझी बघत व्हते. एकाच घाटावरच्या आपण."

आईने तिचा हात धरला. मावशीने तो सोडवून घेतला नाही, पण बोटेही मिटली नाहीत.

व्यासपीठावरून आवाज आला, "मास्तरीणबाई, या की, गुरुजींसंगं फोटो काढायचाय!"

"जा," मावशी म्हणाली. "बोलवून राह्यलेत तुला."

आई तिथेच उभी राहिली. पुन्हा हाक आली, या वेळी दादांची, माईकवरून, तिच्या नावानिशी. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी तिचे नाव घेतलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आईने पदर सारखा केला आणि ती गेली.

जीप भरेपर्यंत मी मावशीपाशी थांबले. तिची पिशवी मी उचलली, ती तिने घेऊ दिली. जीपमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या बाईने विचारले, ही कोण, तेव्हा "गुरुजींची लेक" एवढेच ती म्हणाली. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.